माळांच्या घरी सोडलेला मायद

निल्मिणीला अबुधाबीत येऊन तीनच आठवडे झाले होते आणि तेवढ्यात तिची भूक पार मेली होती. एकतीस वर्षांची ही बाई श्रीलंकेत, कुलियापिटियाला, शिवणाच्या कारखान्यात शर्टांना बाह्या जोडायची. इथं ती शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळायला आली. काम ऐकायला सोपं होतं. तेवीस मुलं, ज्याला त्याला त्याच्या दारात उतरवायचं, आणि बालवर्गातल्या पोराचा हात घरच्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा.

पण दार ओळखायचं कसं? गावाकडे वाट सांगायला पिंपळ होता, दवाखाना होता, सिरिसेनाची टपरी होती. इथं शहराबाहेर वाळूत सरकारनं नवी वसाहत उठवली होती, शाबिया म्हणायचे तिला. हजारो घरं, सगळी एकाच साच्यातली, वाळूच्याच रंगाची, आणि भिंती डोक्याच्या वर. रस्त्यावर माणूस औषधालाही सापडत नाही. झाडं आहेत, पण प्रत्येकाच्या बुंध्याशी पाण्याची नळी. आणि एखादी खूण धरावी तर ती चार दिवसांत गायब! सोमवारी नुसती क्रेन होती तिथं पुढच्या सोमवारी मजले. धडधाकट रस्ता, तो का उखडायचा, हे उखडणाऱ्यांनाच माहीत. "अम्मा, या गावाला दमच धरवत नाही," असं ती फोनवर आईला सांगायची.

नावांची तीच तऱ्हा. यादीत चार मोहम्मद, तीन मायद, दोन हमदान. निल्मिणीनं आपली सोय आपणच केली. हा गच्चीवर पाण्याच्या तीन टाक्यांवाला, ती निळ्या दारावाली, तो मांजरवाला. सगळ्यांत शेवटी उतरायचा तो चार वर्षांचा मायद, रोज तिच्या मांडीवर झोपून जायचा. तो माळांवाला. त्याच्या घरी काकाचं लग्न होतं आणि इथं लग्नघराला गच्चीपासून जमिनीपर्यंत दिव्यांच्या माळा सोडतात. भर उन्हातही त्या लोंबत्या माळा लांबून दिसत. एवढी ठळक खूण मिळाली म्हणून बाई खूष होती. लग्न उरकलं की माळा उतरवतात, हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि विचारावं असं तिलाही सुचलं नाही.

मंगळवारी नेहमीचा फाटा खणून ठेवलेला निघाला. ड्रायव्हर शेरजमान पाकिस्तानातल्या मर्दानचा पठाण, बावीस वर्षं इथंच गाडी हाकलेली, पण या फेरीवर तोही त्याच आठवड्यात आलेला. त्यानं बस मागच्या बाजूनं वसाहतीत घातली. निल्मिणीला तो बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा.

"बाजी, आता तूच सांग. पेशावर मी डोळे मिटून फिरवीन तुला, पण ही घरं? खुदा कसम, ज्यानं बांधली त्यानं आपलं घर शोधून दाखवावं!"

"ते बघा, माळा! तिथं थांबा."

"नक्की?"

"अहो खानभाई, डोळे आहेत मला."

दार सताड उघडं होतं. बाहेर वाळूत गाड्याच गाड्या, अंगणात पोरांचा धुडगूस. पेंगुळलेल्या मायदला तिनं उंबऱ्यात उभं केलं. एक मोलकरीण आली, हसली, पोराचा हात धरून आत गेली. चेहरा अनोळखी होता. पण लग्नघर आहे, पाहुण्यांची असेल, असं म्हणून निल्मिणी बसमध्ये चढली.

बस दोन गल्ल्या पुढे गेली आणि एका दाराशी तिगिस्त उभी दिसली. मायदला रोज घ्यायला येणारी ती इथिओपियाची मुलगी, हातात पाण्याची बाटली घेऊन. तिच्या मागची भिंत बोडकी. एकही माळ नाही.

निल्मिणी धडपडत खाली उतरली.

"मायद कुठंय?" तिगिस्तनं विचारलं.

"मी... दुसऱ्या घरी... पाच मिनिटं दे मला. आत्ता आणते."

"दुसऱ्या म्हणजे कुणाच्या?" तिगिस्तचा हात फोनकडे गेलासुद्धा. "मी मॅडमला कळवते. नाही कळवलं तर माझी धडगत नाही, अक्का."

बस वळली. आता बघावं तर माळांची तीन घरं! लग्नसराईच होती. पहिल्या घरी बंगाली माळी म्हणाला, "इथं कोणी उतरलंच नाही, दीदी." दुसऱ्या घराची घंटा वाजवून वाजवून तिचं बोट दुखलं, दार उघडलं नाही. मायद या दारामागे असला तर? त्याला कोणी गाडीत घालून नेलं असलं तर? रडतच ती बसमध्ये चढली.

"रडू नकोस," शेरजमान म्हणाला. थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "रडलं की दिसत नाही. गाड्या होत्या ना दारात? मग गाड्या बघ."

तिसऱ्या दारात गाड्या होत्या. निल्मिणी धावतच आत शिरली. ओसरीवर मायद मांडी घालून बसला होता, खजुराच्या पाकात बुडवलेले तळलेले गोळे खात, कोपरापर्यंत चिकट. तिनं हात पुढे केले, तेवढ्यात मध्ये एक म्हातारी आली. इकडच्या म्हाताऱ्या बायका नाकावर बांधतात तो मुखवट्यासारखा चमकता बुरखा, हातावर ताजी मेंदी. इकडच्या म्हाताऱ्यांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी तिला येत होतं, निल्मिणीचंही तेवढंच.

"कोण तू?"

"बसवाली, अम्मा. हा मुलगा चुकून..."

"नाव काय त्याचं?"

"मायद."

"मायद म्हणून हाक मार, या अंगणातून चार येतील. कुणाचा मायद? बाप कोण?"

मायद डाव्या हाताचा अंगठा चोखतो, बूट उलटसुलट घालतो, केळं बघितलं की तोंड फिरवतो, हे सगळं निल्मिणीला ठाऊक होतं. बापाचं नाव ठाऊक नव्हतं.

"तो रोज माझ्या मांडीवर झोपतो हो, अम्मा."

"मांडी सगळ्यांनाच असते." म्हातारीनं मायदला आपल्या मागे घेतलं. "हे कुणाचं घर, तू विचारलं नाहीस. हे कुणाचं पोर, माझ्या मोलकरणीनं विचारलं नाही. आता तिसरी चूक मी करू? बस तिथं. याची आई येईल."

तिगिस्तला फोनवर पत्ता शेरजमाननं सांगितला. वीस मिनिटं निल्मिणी ओसरीच्या कडेला बसून राहिली. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते तिनं तसंच बाजूला ठेवलं. नोकरी गेली, हे तिनं धरूनच चाललं होतं. आईला काय तोंडानं सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मायदची आई कचेरीतून तशीच आली. म्हातारीनं तिलाही सोडलं नाही. नाव विचारलं, बापाचं विचारलं, आजोबांचं विचारलं, मगच बाजूला झाली. आईनं पोराला उचलून छातीशी धरलं.

"चूक माझी," निल्मिणीच म्हणाली. "खानभाईंची नाही. तिगिस्तची पण नाही."

"मायद सैफ राशिद," आई म्हणाली. "म्हण."

निल्मिणी म्हणाली. जीभ अडखळली.

"परत."

ती परत म्हणाली.

"शाळेला मी सांगणार आहे, सगळं. आणि तुला काढू नका, हेही सांगणार आहे. नवी बाई आली तर ती पहिल्यापासून शिकणार, तेही माझ्याच पोरावर. त्यापेक्षा तू परवडलीस."

बसमध्ये शेरजमान इंजिन चालू ठेवूनच बसला होता. निल्मिणी चढली, पुढच्या सीटवर बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली.

"काढलं?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग आता कशाला रडतेस, बाजी?"

"उद्या परत तेवीस दारं आहेत, खानभाई."