दारूचं माप

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास मी गोखिवऱ्याला शाळामास्तर होतो. एका सकाळी डोंगराखाली एक अनोळखी शेतकरी ठासणीच्या बंदुकीत बांबूच्या मापाने दारू भरताना दिसला. तो गजाने गोळी ठासायचा, ताडाच्या खोडावरच्या चुन्याच्या ठिपक्यावर बार काढायचा आणि पुढच्या वेळी दारू चिमूटभर कमी करायचा.

"एवढी मोजता कशाला? भरा की सढळ हाताने," मी म्हणालो.

"मास्तर, दारू वाढवली की आवाज वाढतो, नेम नाय वाढत. गेल्या साली माझी गोळी रानडुकराला निसटती लागली. पिसाळून त्यानं माझ्या भावाला फाडला."

दुपारपर्यंत तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

"आता सूड घ्याल," मी म्हणालो.

तो नळी पुसत राहिला. "सूड कसला, मास्तर? त्या मुक्या जनावराला पन महिनाभर दुखलं आसंल."