डबल बेल

लिहून झालं की कंडक्टरमामा बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक करायचे आणि मगच 'जतन करा'वर जायचे. त्याआधी मजकूर वरून खालपर्यंत वाचून विचारायचे, "सगळी चढली का? खाली कुणी ऱ्हायलं न्हाय न्हवं?" लाल गाडीवर कंडक्टर म्हणून उभा जन्म काढलेला. नोकरी सुटली तरी बेल न सुटलेली अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयानं आसपासच्या गावांची एक विकी काढली होती. कुणीही यावं, आपल्या गावाबद्दल लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर दुरुस्त करावं. ती मी उभी केली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. लिहिण्याआधी बारा रकाने भरायचे. 'संदर्भ' सक्तीचा, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक दिल्याशिवाय 'अपूर्ण' ही लाल अक्षरं हटायची नाहीत आणि नोंद जतन व्हायची नाही. एवढं करून लोक का लिहीत नाहीत, हे कोडं काही मला सुटत नव्हतं.

मामा पेपर वाचायला यायचे. मंद्रूपच्या रस्त्यावरची सगळी गावं त्यांना पाठ, म्हणून मीच त्यांना संगणकासमोर बसवलं. संदर्भाचं पुस्तक मी शोधून द्यायचे. पहिल्याच गावाचं अंतर त्यांनी लिहिलं, 'दोन टप्पे'.

"मामा, किलोमीटर लिहा."

"किलोमीटर डायवरला ठावं. तिकीट टप्प्यावर बदलतंय की."

मी ते खोडून किलोमीटर केले. दुसऱ्या दिवशी पाहते तर माझे किलोमीटर जागेवर, आणि शेजारी पुन्हा 'म्हणजे दोन टप्पे'.

त्यांना खरं लिहायचं होतं ते एकाच जागेबद्दल, आक्काच्या थांब्याबद्दल. रस्त्याकडेला धनगरांची चार घरं आणि एक बाभूळ. तिथली एक म्हातारी सकाळच्या गाडीला हात करायची, म्हणून मामांनीच ते नाव पाडलं आणि प्रवाशांनी ते उचललं. नकाशात किंवा पुस्तकात ते कधीच नव्हतं. पुढे रस्ता रुंद झाला, वस्ती उठली, माणसं कामासाठी कुंभारीकडे गेली.

"आता तितं गाडी थांबत न्हाय," ते म्हणाले. "मी गेलो की थांबाबी गेला."

संदर्भाच्या रकान्यात त्यांनी 'मी स्वतः' लिहिलं. लाल अक्षरं आली. तीन दिवस ते एका बोटानं पुन्हा पुन्हा लिहीत होते.

"मॅडम, हे मला दर वेळी खाली उतरवतंय," ते ओशाळून म्हणाले. चूक जशी काही त्यांचीच होती.

चौथ्या दिवशी ते संगणकाकडे फिरकले नाहीत. पेपर तोंडासमोर धरून बसले आणि पान काही उलटेना. मला स्वतःची लाज वाटली. त्या संध्याकाळी मी दहा रकाने काढून टाकले. उरलेल्या दोनांत एक अंतराचा, आणि 'संदर्भ' होता तिथे लिहिलं, 'हे तुम्हांला कुणी सांगितलं?'

सकाळी मामांना बोलावलं. त्यांनी तो प्रश्न वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग सावकाश टाइप केलं, 'आक्कानं. आता ती नाही.' लाल अक्षरं आली नाहीत. टेबलावर दोन टकटक झाल्या.

आठवड्यानं पुण्याहून कुणा बाईंनी त्यात दुरुस्ती केली, 'बाभूळ नव्हती, लिंब होता.' खाली, कुणी सांगितलं? 'माझ्या आईनं.' मामांना वाईट वाटेल म्हणून मी भीतभीतच दाखवलं. ते खुलले.

"बघा, कुणीतरी हात केला की."

त्यानंतर पायरी चढताचढताच विचारायचे, "आज कोण चढलं?" आणि रोज कुणी ना कुणी चढलेलं असायचं. लोकांना लिहायचं होतंच, मीच दार लावून बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. पायरीवर चप्पल वाजली की मी अजून वर बघते. मला त्यांची फार आठवण येते.

परवा कुंभारीहून एक नोंद आली. आक्काच्या थांब्याअलीकडच्या थांब्याला त्याचं नाव कसं पडलं, याची चार वाक्यं. अंतराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'एक टप्पा'. ते मी तसंच ठेवलं. खाली, कुणी सांगितलं?

'कंडक्टरमामांनी. आता ते नाहीत.'

मी नोंद वरून खालपर्यंत एकदा वाचली. खाली कुणी राहिलं नव्हतं. मग टेबलावर दोनदा टकटक केली.