काढून टाकलेला सोल

सर्जेरावदादांनी बूट हातात घेतला, नाडी सैल केली, आत दोन बोटं घातली आणि आतला सोल उपसून काढला. मग दुसऱ्या बुटातला. बुटांच्या दुकानाच्या पायरीशेजारी चहाचे कागदी कप टाकायचा डबा होता. दोन्ही सोल त्या डब्यात गेले. ट्रॅकसूटच्या खिशातून त्यांनी आपल्या जुन्या बुटाचे जाड सोल काढले. घरून आणले होते. ते बसवले, अंगठ्याने दाबले आणि मगच पाय आत घातला.

तो जोड त्याआधी आठवडाभर माझ्या पायात होता.

रविवारी धावायला जमणारी सगळी मंडळी तिथे होती. सगळ्यांनी पाहिलं. मग दादाच म्हणाले, "सर, राग मानू नगा. पायाला बुरशीबिरशी असती एकेकाच्या. काळजी घेतल्याली बरी."

मी म्हणालो, "बरोबर आहे." वर हसलोही.

घरी आलो. पाय धुतले. खिडकीशी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि एकेक बोट फाकवून बेचक्यात पाहिलं. काही नव्हतं. नखं कापलेली, टाचा स्वच्छ. तरी पुन्हा पाहिलं. वय वर्षं एकोणपन्नास, कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस, आणि मी माझ्याच पायांची झडती घेत बसलो होतो. दुसऱ्या कोणी सांगितलं म्हणून.

रविवारी या वेळेला मी अक्काला फोन करायचो. मोठी बहीण. मिरजेच्या एका इस्पितळात तिने नर्स म्हणून आयुष्य काढलं. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं, शिकवलं. तीन वर्षांपूर्वी अक्का गेली. ज्या इस्पितळात ती उभी राहून राबली, तिथेच शेवटी आडवी होती. पाय सुजून चकचकीत झाले होते. मी मिरजेला जाऊन बसायचो आणि ते पाय चेपायचो. ती म्हणायची, "नको रं, तू प्रोफेसर हाईस." मी चेपत राहायचो.

ती गेल्यावर झोप गेली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी चालू लागलो. चालता चालता कधी धावू लागलो ते कळलं नाही. धावताना डोक्यात कोणी बोलत नाही. एवढंच मला हवं होतं.

साताऱ्यात धावणाऱ्यांची कमी नाही. पहाटे यवतेश्वरच्या घाटात गेलं की पुढेमागे माणसं असतातच. त्यांतल्याच एका टोळीत मी सामील झालो. सर्जेरावदादा टोळीचे पुढारी. कोरेगावच्या बाजूला त्यांचा ऊस, साताऱ्यात पेट्रोलपंप. माझं गावही कोरेगाव तालुक्यातलंच. पहिल्याच दिवशी दादांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. "गावात कुठं?" तेही सांगितलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या वस्तीला बुद्धनगर म्हणतात. दादा म्हणाले, "व्हय का? बरं बरं." त्यानंतर त्यांनी माझ्या गावाबद्दल कधी काही विचारलं नाही.

अजित हा सांगलीचा. खेळाच्या बुटांचं दुकान सांगलीत, आणि दुसरं साताऱ्यात. नवा बूट बाजारात आला की कंपनी त्याला प्रत्येक नंबरचा एकेक जोड वापरून बघायला देते. अजित तो टोळीत फिरवतो. एका नंबरची जेवढी माणसं, तेवढ्यांनी पाळीपाळीने तो आठवडाभर घालायचा. मग रविवारी दुकानात बसून प्रत्येकाने मोबाइलसमोर आपलं मत सांगायचं. ते कंपनीला जातं, दुकानाच्या पानावरही दिसतं. त्यावर भरवसा ठेवून लोक बूट घेतात.

नऊ नंबरचे आम्ही तिघे. दादा, निकम आणि मी. निकम फौजेतून रिटायर झालेले, पाटणकडचे, दादांच्या जातीतले. पाळी ठरलेली होती. आधी दादा, मग निकम, शेवटी मी. कोणी ठरवली, मला माहीत नाही. दोन वर्षं मी दोघांच्या घामाने भिजून वाळलेल्या बुटात पाय घालत आलो. सोल बदलावा असं माझ्या मनातही आलं नाही.

या वेळचा बूट जाड गादीचा होता. ज्यांचं पाऊल पडताना आत कलत नाही, बाहेरही कलत नाही, अशांसाठी. त्यांना न्यूट्रल रनर म्हणतात. अजितने दुकानातल्या ट्रेडमिलच्या पट्ट्यावर एकेकाला पळवलं, मागून पावलांचं चित्रण केलं आणि सावकाश फिरवून दाखवलं. माझं पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत सरळ पडत होतं. अजित खुलला. म्हणाला, "सर, हा बूट तुमच्यासाठीच बनलाय. पहिला आठवडा तुमचा." त्याने हे सहज म्हटलं. सांगलीचा माणूस, आमच्या पाळीमागचा अर्थ त्याच्या ध्यानात आला नसावा.

मी तो बूट मन लावून वापरला. एखादं पुस्तक परीक्षणासाठी यावं तसा. घाट चढताना पुढचा भाग हलका वाटला, पाऊल आपोआप पुढे लोटलं जायचं. उतारावर टाच गादीत खोल जायची, पण गुडघ्याला दणका बसत नव्हता. बोटांना जागा ऐसपैस. डांबरावर उत्तम, मुरमाच्या वाटेवर डगमग, कारण गादी उंच. लांब पळून आल्यावर गादी जरा दमल्यासारखी वाटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभारी धरायची. टाचेची पकड पक्की. ही पकड मी मुद्दाम तपासली, कारण उंच गादीच्या बुटात टाच निसटण्याचं भय असतं. एकदाही निसटली नाही.

मग तो रविवार आला, आणि सोल डब्यात गेले.

दादांचा आठवडा संपला, निकमांचा संपला. तिसऱ्या रविवारी मतं घ्यायला आम्ही दुकानात जमलो. अजितने मोबाइल उभा केला. दादा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बूट बाद. टाच निसटती. उतारावर दोनदा पाय मुरगळता मुरगळता वाचला. हे बघा." त्यांनी मोजा खाली केला. टाचेवर फोड फुटून सालपट निघालं होतं.

निकम म्हणाले, "माझी बी निसटली."

मी म्हणालो, "माझी नाही निसटली."

दादा हसले. "आवं सर, तुमचं काय. मऊ लागलं की झालं. आजवर पायाखाली मऊ कवा आलं होतं?"

दुकानभर हशा पिकला. निकमही हसले. अजितने मान खाली घातली, पण त्याचेही खांदे हलत होते.

पहिल्या वेळी मला लाज वाटली होती. या वेळी काहीच वाटलं नाही. थकवा आला फक्त. हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलो आहे. शाळेत शिष्यवृत्तीच्या दिवशी. नोकरी लागली तेव्हा स्टाफरूममध्ये. घर बांधलं तेव्हा शेजाऱ्यांकडून. शब्द बदलतात. अर्थ असा की, तुला चांगलं काय ते कसं कळणार, तुला ते नवीन आहे.

तेवढ्यात अजितला दादांचं पट्ट्यावर पळतानाचं चित्रण हवं झालं. जोड निकमांच्या पायात होता. ते घाटातून थेट आले होते. त्यांनी बूट काढले, मोजे काढले. बोटांच्या बेचक्यात पांढरट चिरा पडल्या होत्या, त्यांवर पावडर थापलेली. कोणीतरी नाक धरलं तसे निकम म्हणाले, "फौजेची कमाई हाय ही. पेन्शनसंगं मिळाली. सारी दुनिया जाईल, ही बुरशी न्हाई जायची."

पुन्हा हशा. दादा सगळ्यांत मोठ्याने हसले. आणि हसत हसत त्यांनी ते बूट ओढले, आपले ओले मोजे बाजूला टाकले, आणि उघडा पाय निकमांच्या बुटात घातला. सोल काढला नाही. पुसला नाही. आत पाहिलंही नाही.

पट्टा सुरू झाला. दादा पळू लागले. टाच दर पावलाला वर येत होती, आणि मला ती नीट दिसत होती. बुटाच्या आतली जागा मूळ सोलाच्या मापाने बेतलेली असते. दादांनी त्यात आपला जाड सोल कोंबला होता. टाच उचलली गेली होती, पकडीच्या वर आली होती. निसटणारच. फोड येणारच. माझ्या पायाला लागलेला सोल त्यांना नको होता, म्हणून त्यांची टाच सोलली. निकमांचीही निसटली, कारण त्यांच्या वाट्यालाही तोच जाड सोल आला. आणि बाद कोण, तर बूट.

मला वाटत होतं हे सगळं आजोबांबरोबर संपलं. ते वहाणा हातात घेऊन चावडीपुढून जायचे. मी रांगेत सगळ्यांसारखा उभा होतो, सगळ्यांसारखी नाडी बांधत होतो. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मी शेवटी होतो, म्हणून कोणाला काही काढून टाकावं लागलं नव्हतं. एवढाच त्याचा अर्थ होता.

अजित माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "सर, तिघांचं एकच मत देऊ या का? टाच निसटते म्हणून. दोघं एक बोलतात आणि तुम्ही वेगळं, तर कंपनी गोंधळते. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी म्हणालो, "माझं मत मी सांगतो. सुरू कर."

खुर्चीत बसलो. चढ, उतार, मुरूम, बोटांची जागा, जे जसं होतं तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, वर्गातही मी चढवत नाही. मग म्हणालो, "टाचेबद्दल या दोघांचं मत धरू नये. त्यांनी हा बूट वापरलेलाच नाही. त्यातला मूळ सोल सर्जेरावदादांनी काढून टाकला आणि आपला घातला. कारण तो माझ्या पायाखालचा होता. बुरशी म्हणून काढला असं त्यांनी सांगितलं. बुरशी निकमांना आहे. आत्ता त्यांच्या बुटात दादांनी मोजाही न घालता पाय घातला. तो सोल बुरशीसाठी काढलेला नाही. माझ्या जातीसाठी काढलेला आहे."

पट्टा थांबला होता. दादा घाम पुसत उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला, तो धावण्याने की कशाने, मी ठरवत बसलो नाही.

"सर, जात कुठनं आली हितं?" ते म्हणाले. "खेळात जात आणताय तुमी."

"मी आणली नाही. तुम्ही घरून खिशात घालून आणलीत."

मी निकमांकडे पाहिलं. म्हणालो, "निकम, सोल काढला तेव्हा तुम्ही शेजारी होता. सांगा."

निकम पायाच्या चिरांवर पावडर टाकत राहिले. मान वर न करता म्हणाले, "माझं ध्यान नव्हतं, गुर्जी."

अजित म्हणाला, "सर, बूट फार छान सांगितलात. तेवढंच ठेवतो. ते सोलचं कापतो."

"कापायचं असेल तर सगळं काप. अर्धं ठेवायचं नाही. सोलाशिवाय टाच कळत नाही."

त्याने सगळंच कापलं. पानावर दादांचा व्हिडिओ आला, टाचेवरच्या फोडासकट. खाली लोक लिहीत होते, वाचवलंत दादा. टोळीच्या ग्रुपवर दादांनी लिहिलं की आपल्यात कधी भेदभाव नव्हता, काही शिकलेली माणसं तो उकरून काढतात. त्याखाली एकामागून एक अंगठे आले. मी ग्रुप सोडेन अशी सगळ्यांची अपेक्षा असावी. दोन दिवस माझीही होती. थकलेल्या माणसाला निघून जाणं सोपं वाटतं. ते त्यांनाही सोपं जातं.

मी ग्रुप सोडला नाही.

काल अजितचा फोन आला. दुसऱ्या कंपनीचा जोड आलाय. आवाज गोड होता. "सर, या वेळी तुमची पाळी आपली पहिल्यासारखी शेवटी ठेवतो. म्हणजे कोणालाच प्रश्न नको."

मी म्हणालो, "नाही. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवायची. जो सोल बदलेल त्याचं मत धरायचं नाही. आणि का बदलला, हे मी त्याला दर वेळी विचारणार. सगळ्यांदेखत, नाव घेऊन."

तो म्हणाला, "दादा ऐकणार नाहीत, सर. तुम्हालाच थांबावं लागेल."

"तर मला नऊ नंबरातून काढ. पण ते फोनवर नको. रविवारी दुकानात, सगळी माणसं बसलेली असताना, माझ्याकडे बघून सांग की मला का काढलं. मी येतोय."