आमच्या घरात कुणी थुंकत नाही

माझ्या नातीची दुर्बीण मी टाळली, असं आमच्या पाव्हण्यारावळ्यांत सांगतात. दुर्बीण म्हणजे नाकातून फुप्फुसापर्यंत बारीक नळी घालून करायची तपासणी. डॉक्टर तिला ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात. लग्नाकार्यात कुणी नवा माणूस भेटला की ओळख करून देणारा म्हणतो, "हेच ते. डॉक्टरला म्हणले, थांबा, नळी घालू नका. आन् पोरगी नळीशिवाय बरी झाली." मग मला पंगतीत चांगली जागा मिळते आणि जिलेबी दोनदा वाढली जाते. मला साखर आहे, तरी मी खातो.

ती जिलेबी माझ्या हक्काची नाही, एवढं सांगायला हे लिहितोय.

नोकरीत मी वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारायच्या. "सेलू, देवगाव फाटा मार्गे जिंतूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." आणि प्रत्येक पुकाऱ्यानंतर, कुणी सांगितलेलं नसताना, मी माझ्याकडून एक वाक्य जोडायचो, "प्रवाशांनी आवारात थुंकू नये." खांबाआड कुणी गाल फुगवलेला दिसला तर त्याच्या सदऱ्याचा रंगही सांगायचो. "पिवळ्या सदऱ्याच्या प्रवाशाने थुंकू नये." सगळं स्थानक पिवळ्या सदऱ्याकडे बघायचं आणि तो बिचारा गिळायचा. निवृत्त झाल्यावर भोंगा सुटला, पण वाक्य सुटलं नाही. पाथरीच्या आमच्या घरात मोरीशिवाय कुठे चूळसुद्धा भरायची नाही, असा माझा कायदा होता.

अशा घरात सिस्टिक फायब्रोसिस असलेली नात जन्माला आली. हा आजार जन्मापासूनचा. फुप्फुसातला कफ गोंदासारखा चिकट होतो, अन्न नीट पचत नाही म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल घ्यावी लागते, आणि घाम इतका खारट की लहानपणी तिचा पापा घेतला की माझी बायको म्हणायची, "बाई गं, शेवेची पुडीच हाय ही." तो कफ रोज बाहेर काढावा लागतो. पाठीवर थापट्या मारायच्या, वाफ द्यायची, खोकायला लावायचं. माझी सून हे सगळं शाळेत शिकवायला जायच्या आधी करायची, आणि मनापासून करायची. मुलगा पुण्यात नोकरीला.

नात पहिलीत असेल तेव्हाची गोष्ट. बोरीला नातेवाइकांकडे साखरपुडा होता. पंगत बसलेली, आणि हिला खोकल्याची उबळ आली. ती मांडवाच्या कडेला गेली आणि थुंकली. दहा माणसांनी माना वळवल्या. मी उठलो, तिला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "चांगल्या घरच्या पोरी थुंकत न्हाईत. आलं तर गिळायचं." पुढच्या उबळीला तिनं माझ्याकडे बघत बघत गिळलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी तिला पेढा दिला.

त्यानंतर ती कधी थुंकली नाही. मला ते माझं यश वाटायचं.

परभणीला डॉक्टरांकडे तिला मीच न्यायचो. सुनेला रजा मिळायची नाही आणि मला वेळच वेळ. डॉक्टरीणबाई मुलीकडे बघून विचारायच्या, "बेडका पडतो का गं?" आणि नातीनं तोंड उघडायच्या आत मी सांगायचो, "न्हाई मॅडम. आमच्या घरात कुणी थुंकत न्हाई." बाई लिहून घ्यायच्या. दर वेळी तोच प्रश्न आणि दर वेळी उत्तर माझं.

ती सातवीत गेली आणि त्या दिवाळीनंतर खोकला थांबेना. ताप येऊन जाऊन. वजन उतरलं. एक्स-रेत उजव्या बाजूला डाग दिसला. औषध बदललं, पुन्हा बदललं, डाग तिथंच. नमुना द्यायला डबी दिली तर प्रयोगशाळेनं कळवलं, ही नुसती लाळ आहे. दुसऱ्या डबीचंही तेच. तेव्हा बाईंनी मला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं, "आत कुठला जंतू आहे ते कळल्याशिवाय मी अंदाजानं औषध देतेय. आता दोनच रस्ते आहेत. एकतर खरा बेडका मिळाला पाहिजे, नाहीतर संभाजीनगरला नेऊन दुर्बीण करायची. हलकी भूल देतात, नळीतून थोडं पाणी सोडून परत ओढून घेतात आणि ते तपासतात. घाबरण्यासारखं नाही. पण जे तोंडातून मिळू शकतं त्यासाठी भूल कशाला द्यायची, एवढाच माझा विचार आहे."

घरी आल्यावर ओसरीवर सभा भरली.

"मामा, करून टाकू," सून म्हणाली. "निदान कळंल तरी काय हाय ते. मीच पाठ नीट थोपटत नसंन. म्हणून कफ सुटत नसंल."

"नाकातून नळी?" माझी बायको उठूनच उभी राहिली. "आधी माझ्या नाकात घाला म्हणावं. मी सांगते कशी लागती ते."

"आजी, तुझ्या नाकात नथीलाच जागा न्हाई," नात म्हणाली. "आन् नळीला कॅमेरा असतोय. मला व्हिडिओ देतील का? मला बघायचंय आतून."

आणि मी? मी सगळ्यांत मोठ्यानं बोललो. दुर्बीण करायची नाही. लेकराचा जीव केवढा! डॉक्टरांना काय, सांगायला काय जातंय! पुण्याला फोन लावून मुलालाही दटावलं. पाव्हण्यांना पुढं जी गोष्ट माहीत झाली ती हीच. आजोबाचं काळीज तुटलं म्हणून आडवा आला.

काळीज तुटलं होतं, खोटं नाही. पण त्याखाली दुसरं काही होतं. ती नळी आत जाणार होती. तिला कॅमेरा होता. सहा वर्षं जे नाही म्हणून मी ठासून सांगितलं, ते तिथं साठलेलं पडद्यावर दिसणार होतं, आणि बाई विचारणार होत्या, "बेडका येत नाही असं कोण सांगत होतं?" मला लेकराच्या भुलीची भीती वाटली त्याहून जास्त त्या प्रश्नाची वाटली. हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. बाई तर स्वतःच थांबायला तयार होत्या, मी काही त्यांना थांबवलं नाही. आणि दुर्बीण खरंच लागली असती तर मी माझी लाज झाकायला तिच्या उपचाराला आडवा आलो असतो, आणि तेव्हाही लोक त्याला मायाच म्हणाले असते.

सून मात्र त्या दिवसापासून पाठीवर थापट्या वाढवत गेली. हाताला घट्टे पडले तिच्या. मी बघत होतो.

बाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिली. खाऱ्या पाण्याची वाफ यंत्रातून घ्यायची, मग पोटातून श्वास सोडायचा, चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण हाऽऽ करतो तसा. त्यानं कफ वर येतो. आला की डबीत घ्यायचा आणि बर्फावर ठेवून लगेच परभणीला आणायचा. नातीनं त्यासाठी माझाच चष्मा कामाला लावला. दोन दिवस ती माझ्या काचांवर हाऽऽ करत होती आणि मी धुक्यात चालत होतो.

रविवारी सकाळी अंगणात हाच कार्यक्रम चाललेला. वाफ झाली, हाऽऽ झालं, खोकला आला, आतून गडगडून काहीतरी वर आलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. बायको डबी घेऊन धावली. आणि नातीनं गटकन गिळलं.

"गेलं!" बायको ओरडली. "अगं आलेलं गिळलंस कशाला?"

"सवय लागलीय, आजी. आपोआप जातंय."

"कुणी लावली असली सवय?"

नात माझा चष्मा फ्रॉकला पुसत राहिली. सून म्हणाली, "माझीच काहीतरी—"

तिचं ते वाक्य मला ऐकवेना. मी खुर्चीतून उठलो. "मी लावली. बोरीच्या साखरपुड्यात. गिळ म्हणलो होतो. आन् डॉक्टरला बेडका न्हाई म्हणून मीच सांगत आलो."

सुनेनं माझ्याकडे बघितलं, आणि मग आपल्या हाताच्या घट्ट्यांकडे. मला वाटलं आता सगळं ऐकून घ्यावं लागणार. पण बोलली ती बायको.

"म्हणजे जिंदगीभर भोंग्यावर वरडलाव ते कमी पडलं व्हय? घरातलं लेकरूबी पिवळा सदराच वाटलं का तुमाला?"

मी नातीला म्हणालो, "कायदा रद्द. आजपासून थुंक. कुठं बी थुंक."

ती म्हणाली, "मला येत न्हाई. आधी तुमी करून दाखवा."

इथं माझी पंचाईत झाली, कारण मला थुंकता येत नव्हतं. आयुष्यात सरावच नाही. सगळ्या स्थानकाला नको म्हणणारा माणूस, मी पान खाल्लं तरी गिळत आलेलो. तरी मी कमरेवर हात ठेवले, घसा खाकरला, मान मागे घेतली आणि जोर लावला. ते जायला पाहिजे होतं तुळशीपलीकडे. ते आलं माझ्या हनुवटीवर. पुन्हा केलं. या वेळी धोतरावर. तिसऱ्या खेपेला नुसता वारा गेला आणि मागोमाग वरची कवळी. ती मी हवेतच झेलली.

नातीनं माझा चष्मा नाकावर चढवला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन भोंगा केला. माझाच आवाज, माझीच नाकातली गुणगुण. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एकवर आबा थुंकायलेत. पांढऱ्या धोतराच्या प्रवाशापासून अंतर राखावे. आबांचे दात जिंतूरकडे जाणाऱ्या गाडीने—"

पुढचं तिला बोलता आलं नाही. ती हसत सुटली. सून तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली, बायको खालीच बसली, आणि मी कवळी हातात घेऊन बोळक्या तोंडानं हसत उभा. हसता हसता नातीला उबळ आली. या हसण्यानं जे हलवलं ते थापट्यांनी हललं नव्हतं. ती वाकली, लाल झाली, आणि आतून पुन्हा तो गडगडाट वर आला.

"गिळू नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

तिनं माझ्याकडे बघितलं. बोरीला बघितलं होतं तसंच, अगदी तसंच. मी मान हलवली आणि ती थुंकली. बायकोनं डबी अशी धरली की एक थेंब बाहेर नाही.

मग चौघांची डोकी त्या डबीवर. हिरवट, घट्ट, सुपारीएवढा.

"बाई गं," बायको म्हणाली, "काय देखणा हाय!"

"मला दिसू द्या, माझा चष्मा कुठंय?" मी म्हणालो. चष्मा नातीच्या नाकावर होता. त्यावर अजून धुकंच होतं.

रविवार असला तरी डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, लगेच आणा. दवाखान्याची प्रयोगशाळा चालू होती. बर्फ भरलेला डबा मांडीवर घेऊन मी आणि नात एसटीत बसलो. वाहक माझा जुना ओळखीचा निघाला. "साहेब, कुल्फी का? एकटेच खाणार का?"

"बेडका हाय," नात म्हणाली. "दाखवू?"

तो मानवतचा थांबा येईपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही. आम्ही दोघं खिडकीला डोकं टेकून सगळी वाट हसत होतो. मध्येच मला रडू आलं, ते मी हसण्यातच खपवलं. तिला कळलं असावं. तिनं डबा आपल्या मांडीवर घेतला.

चार-पाच दिवसांनी बाईंचा फोन आला. नमुना खरा होता, जंतू सापडला, त्याच्यावर चालणारं औषधही ठरलं. दुर्बिणीची आता गरज नाही. "पुढं कधी लागली तर मात्र करायची," बाई म्हणाल्या, "आणि तेव्हा आजोबांचं मत विचारायचं नाही." सुनेनं स्पीकर चालू ठेवला होता. "हो मॅडम, न्हाई विचारत," ती माझ्याकडे बघत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली. नात थोडी नाराज होती, व्हिडिओ हुकला म्हणून.

औषध संपल्यावर आम्ही तिला पुन्हा दाखवायला नेलं. डाग पुसट झाला होता, वजन चढायला लागलं होतं. बाईंनी कागद पुढं ओढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "बेडका पडतो का?"

माझं तोंड सवयीनं उघडलं. खारट तळहात त्यावर येऊन बसला.

"पडतोय," नात म्हणाली. "लय पडतोय. आत्ता हाय एक. देऊ का?"

बाईंनी हसत हसत डबी पुढं केली.