मीटर खोटं बोलतंय

गोरक्ष मुंगसे कुठल्याही मीटरवर एकदम विश्वास ठेवायचा नाही. चाकणच्या ज्या कारखान्यात तो मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन होता, तिथे गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून काढायचे. एखादी प्रेस बंद पडली की सुपरवायझरपासून हेल्परपर्यंत सगळे त्याच्या पाठीशी उभे राहून घाई करायचे. हा ढिम्म. आधी खिशातून टेस्टर काढून शेजारच्या चालू बोर्डाला लावायचा, पेटतो का बघायचा आणि मगच बंद लाइनला हात घालायचा. "टेस्टरच मेला असंल तर जित्या तारेला मेली समजून धराल, राव," असं तो नव्या पोरांना बजावायचा. पोरं पाठीमागे म्हणायची, गोरक्षभाऊ भाजीत मीठ आहे का ते बघण्याआधी जीभ बरणीतल्या मिठावर तपासून घेतो. हसोत बापडी. त्या सवयीमुळे आजवर कुणाचा हात भाजला नव्हता.

पाण्याच्या बाबतीतही त्याचं असंच होतं, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून तो काही मानायचा नाही. त्याचा बाप तात्याबा. चाकणच्या पलीकडे, भामा नदीकाठच्या गावात त्यांची थोडी जमीन आणि तिच्यात जुनी विहीर. तात्याबासारखा पोहणारा पंचक्रोशीत नव्हता. विहिरीत पडलेल्या घागरी काढायला लोक त्यालाच बोलवायचे. असा माणूस उन्हाळ्यातल्या एका भर दुपारी बारा वर्षांच्या गोरक्षच्या हातात सदरा देऊन सूर मारून गेला, तो वर आलाच नाही. बाप गंमत करतोय असं वाटून पोरगं बराच वेळ काठावर हसत उभं होतं. हे हसणं गोरक्षनं पुढे कुणालाच सांगितलं नाही.

गावानं ठरवून टाकलं, विहिरीतल्या साती आसरांनी ओढला. आसरांना दरवर्षी चैत्रात दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, हे काम तात्याबाच्या बायकोकडे, तानाबाईकडे होतं. त्या वर्षी ती धाकट्या गणराजच्या बाळंतपणासाठी माहेरी होती आणि नैवेद्य चुकला. एवढं पुरलं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण सासू तर मरेपर्यंत तिच्याशी धड बोलली नाही. तानाबाईनं ते पाप मुकाट्यानं पदरात बांधून घेतलं आणि दोन्ही पोरांना पाण्यात पाऊल घालू दिलं नाही.

गोरक्ष आयटीआय शिकला, नोकरीला लागला, कासारवाडीत स्टेशनजवळ खोल्या घेतल्या आणि आईला तिथे आणली. आसरा वगैरे सगळं झूट आहे, बापाच्या पायात गोळा आला असणार, हे त्याचं मत पक्कं झालं होतं. आपल्याला पोहता येत नाही याची त्याला लाज वाटायची. म्हणून यंदा मे महिन्यात त्यानं मुलीला, तेजलला, महापालिकेच्या तलावावर पोहण्याच्या क्लासला घातलं. तानाबाई दोन दिवस जेवली नाही. मग रोज सकाळी स्वतःच नातीला तलावावर न्यायला लागली. चार दिवसांनी तिथल्या वॉचमननं गोरक्षला गाठलं. "भाऊ, तुमच्याकडच्या आजी रोज भिंतीपाशी दहीभात ठेवून जातात. कुत्री गोळा होतात." गोरक्ष आईवर भयंकर चिडला. तानाबाईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दहीभात जरा आडोशाला ठेवायला लागली.

त्याच महिन्यात कारखान्यात वार्षिक तपासणी झाली. कँटीनमध्ये पडदा लावून छातीला तारा जोडायचे आणि ईसीजीचा कागद काढायचे. गोरक्षचा कागद बघून तिथला डॉक्टर थबकला. ठोक्यामागची रेघ लांबलेली आहे, बाहेर हृदयाच्या डॉक्टरला दाखवा, म्हणाला, आणि तोवर गोरक्षनं पॅनेलवर काम करायचं नाही असा शेराही मारला. गोरक्षला स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं. हातात टेस्टर नाही, समोर स्क्रूचे डबे. त्याचा नुसता जळफळाट झाला, कारण मशीन कुठे लावलं होतं ते त्यानं पाहिलं होतं. फ्रीजशेजारी, एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि त्या बोर्डाला अर्थिंग नव्हतं. अशा जागी लावलेलं मीटर खोटं बोलणारच.

कासारवाडीतल्या डॉ. विजयश्रींच्या दवाखान्यात तो गेला तो भांडायच्या तयारीनंच. तिथेही मिनल नावाच्या टेक्निशियननं कागद काढला आणि तिथेही रेघ तशीच लांब आली. डॉक्टरांनी कागद त्याच्यापुढे पसरला.

"हा सुळका दिसतोय? हृदय दाबलं जातं तेव्हाचा हा करंट. त्याच्यामागचा हा पसरट उंचवटा म्हणजे हृदय परत जागेवर येतं, पुढच्या ठोक्याला तयार होतं. सुळक्याच्या सुरुवातीपासून ह्या उंचवट्याच्या शेवटापर्यंतचं अंतर मोजायचं. ते तुमच्यात फार आहे."

"म्हणजे रिसेट व्हायला उशीर."

"अगदी. आणि रिसेट पुरतं व्हायच्या आत पुढचा सिग्नल आला, तर सगळं बिघडू शकतं. माणूस चक्कर येऊन पडतो. कधीकधी उठत नाही."

"मॅडम, तुमच्या बोर्डाला अर्थिंग हाय का?"

डॉक्टर हसल्या. अर्थिंग बिघडलं तर रेघ थरथरते, लांबत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पण हृदयातलं त्यांना कळत असलं तरी विजेतलं त्याला कळत होतं. दोन ठिकाणची दोन मशिनं एकच खोटं कशी बोलतील, हा साधा प्रश्न त्यानं स्वतःला विचारायला हवा होता. विचारला नाही. त्याऐवजी त्यानं आपल्या धंद्यातली युक्ती काढली.

पुढच्याच गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, गावाहून धाकट्या भावाला बोलावून घेतलं. गणराज तालुक्यात नाव असलेला कबड्डीपटू होता. मांड्या बघून समोरचा रेडर निम्मा गार व्हायचा. त्याला पुढे घालून गोरक्ष दवाखान्यात शिरला.

"मॅडम, ह्यो माझा भाऊ. ह्याला साधं पडसंबी होत न्हाई. मीटरवर शंका आली की आमी ते चालू बोर्डाला लावून बघतो. ह्याचा कागद काढा."

"दादा, मला कशाला मधी घेतो?" गणराज लाजत म्हणाला, पण शर्ट काढून झोपला. मिनलनं तारा लावल्या. कागद सरकत बाहेर आला. गोरक्षला आता कुठे बघायचं ते माहीत झालं होतं. त्यानं कागद उचलला, सुळक्यापासून उंचवट्याच्या शेवटापर्यंत चौकोन मोजले आणि मोठ्यानं हसला.

"बघा! ह्याची तर माझ्यापरीस लांब! मी म्हणलो न्हवतो, मीटर खोटं बोलतंय!"

किती दिवसांनी त्याला मोकळं वाटलं होतं. गणराजही हसला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, खिडकीशी नेला, पुन्हा बघितला. मग कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या आणि स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या.

"मिनल, माझा काढ. हातापायांना चिमटे लाव, तेवढे पुरे." मग गोरक्षकडे बघून म्हणाल्या, "महिन्याभरापूर्वी मोठ्या हॉस्पिटलात काढलाय मी माझा, तिथल्या मशीनवर. नॉर्मल होता. हा चालू बोर्ड समजा."

कागद बाहेर आला. गोरक्षनं मोजला. पुन्हा मोजला. सुळका, थोडी जागा, नीटनेटका उंचवटा, आणि रेघ वेळेत जागेवर.

"मशीन बरोबर आहे," डॉक्टर उठून बसत म्हणाल्या. "गोरक्षभाऊ, गणराज चालू बोर्ड आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

गोरक्षनं गणराजकडे बघितलं. डॉक्टर पुढे काय म्हणणार ते त्याला क्षणात कळलं होतं आणि ते कळायला नको होतं.

"हे घराण्यातून येतं. वडील आहेत?"

"न्हाईत. विहिरीत बुडाले."

"पोहता येत नव्हतं?"

"त्यांच्यासारखं कुणालाच येत नव्हतं," गणराज म्हणाला. बाप त्यानं पाहिला नव्हता. त्याला बापाची तेवढी एकच गोष्ट ठाऊक होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या आजाराच्या एका प्रकारात जीव जातो तो बहुतेक पळताना नाहीतर पोहताना. घरात कुणी पळताना चक्कर येऊन पडलंय?"

शाळेच्या खेळांत तेजल पळता पळता पडली होती. सगळ्यांनी म्हटलं, उपाशीपोटी पळाली. गोरक्षनंच तिला रागावलं होतं, दूध न पिता गेलीस म्हणून.

"माझी मुलगी," तो म्हणाला.

"कुठे आहे ती आत्ता?"

तलाव दोन गल्ल्या पलीकडे होता. गुरुवार होता, बॅचचा शेवटचा दिवस होता, आणि पोरांची शर्यत लावणार म्हणून तेजल पहाटे उठल्यापासून नाचत होती. डॉक्टर दारापर्यंत त्यांच्याबरोबर आल्या. "पळू नका, दोघंही. आणि तिला दचकवू नका. ओरडू नका. हळूच बाहेर काढा आणि इकडे घेऊन या."

पळू नका! त्या दोन गल्ल्या गोरक्ष कसा चालला ते त्याचं त्याला माहीत. भाजीची गाडी आडवी आली, तिला वळसा घालताना त्याच्या तोंडून शिवी गेली. छातीत ठोके दणदण वाजत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्या ठोक्यांना भीत होता. गणराज मागून येत होता. दहा जणांना अंगावर घेणारा तो गडी भिंतीला हात लावत लावत चालत होता.

तलावाच्या जाळीबाहेर बाकड्यावर तानाबाई बसली होती. नेहमीसारखी, पाण्यावर डोळा ठेवून. गोरक्षनं वॉचमनला बाजूला सारलं. पोरं पाण्यात होती, कडेनं आयाबाया टाळ्या वाजवत होत्या, आणि लाल टोपीची तेजल सगळ्यांच्या पुढे, उथळ बाजूकडे हात मारत येत होती. तिचं नाव त्याच्या घशापर्यंत आलं. ते त्यानं गिळलं. जाळीपलीकडे आई उठून उभी राहिलेली दिसली. तिच्याकडे बघून त्यानं तोंडावर बोट ठेवलं. तानाबाईनं दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला.

मग गोरक्ष पायऱ्या उतरून बुटांसकट पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पाण्याची भीती त्याला तेव्हा आठवलीसुद्धा नाही. त्यानं हात पसरले, चेहऱ्यावर ओढूनताणून हसू आणलं आणि वाट बघत उभा राहिला. पोरगी वर येते, तोंड बाजूला करते, श्वास घेते, खाली जाते. खाली गेली की त्याला विहीर दिसायची. वर आली की तेजल.

तिचा हात त्याच्या पोटाला लागला. तिनं डोळे चोळले.

"पप्पा! बूट घालून? मी पहिली आले ना?"

"व्हय बाळा," तो म्हणाला. "पहिली आलीस." सगळा तलाव हसत होता. त्यानं तिला उचललं आणि बाहेर येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

तेजलचा कागदही तसाच निघाला. पुढच्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात आणखी तपासण्या झाल्या, रक्ताचे नमुने गेले. तिघांनाही गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या नेमानं घेतल्या तर पुष्कळ माणसं चांगली जगतात, असं डॉक्टरांनी परत परत सांगितलं. पण पोहणं बंद, शर्यती बंद, गणराजची कबड्डी बंद. गणराज दोन दिवस भावाशी बोलला नाही. मला बोलावलंच नसतंस तर, एवढंच फोनवर म्हणाला आणि ठेवून दिला.

आईला सांगायचं काम गोरक्षकडे आलं. सकाळी चहा झाल्यावर तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. तिघांचे कागद पुढे ठेवून त्यानं सुळका दाखवला, उंचवटा दाखवला, बापाचंही असंच असणार, सूर मारला आणि पाण्यातच ठोका चुकला असणार, हे सांगितलं. तानाबाईला रेघा कळल्या नाहीत. मधलं एक वाक्य तिनं धरलं.

"म्हंजी माजा निवद चुकला, म्हून न्हाई?"

"न्हाई आई. तुजं काय चुकलं न्हवतं. कंदीच न्हवतं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकी वर्षं ती कुणासमोर रडली नव्हती. गोरक्षला वाटलं, चला, ह्या सगळ्यातून एक तरी गाठ सुटली. पण तानाबाईनं डोळे पुसले आणि कोपऱ्यात पोहण्याची टोपी हातात घेऊन रुसून बसलेल्या नातीकडे बघितलं.

"आसराला दहीभात तरी ठेवता येत हुता रं. आता ह्याला काय ठेवू?"

गोरक्षनं खिशातून तेजलच्या गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. "ह्या. रोज सकाळी एक, दुधाबरूबर. मी शिफ्टला जातो, तिची आई सकाळीच कामाला जाती, आमच्याकडनं ऱ्हाईल. तू दे तिला."

तानाबाईनं पट्टी दोन्ही हातांत धरली. एकेका गोळीवरून बोट फिरवून बघितलं. मग मान वर केली, आणि गोरक्षला लहानपणापासून पाठ असलेलं भय तिच्या तोंडावर परत येऊन बसलेलं दिसलं.

"आन एखांद्या दिशी चुकली तर?"

"चुकवायची न्हाई आई," एवढंच त्याला म्हणता आलं.