सासूबाई बॉनेट उघडतात

माझ्या सासूबाईंना कायमचं बिघडलेलं असं या जगात काहीच मान्य नाही. पंखा असो, मिक्सर असो, नाहीतर शेजारणीचं शिलाई मशीन असो, त्यांच्या मते ते फक्त नीट उघडून पाहायचं राहिलेलं असतं. सौंसरच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर उसवण्याची हौस यंत्रांकडे वळवली. त्यांच्या पर्समध्ये रुमालाशेजारी पेचकस असतो. मोहगावला एका लग्नात ऐन जेवणाच्या वेळी मंडपातला कूलर बंद पडला. मुलीकडची चार माणसं चार ठिकाणी फोन लावत असताना सासूबाई जरीचा पदर खोचून कूलरमागे बसल्या होत्या. वारा सुरू झाल्यावर हात धुऊन पंगतीत आल्या आणि म्हणाल्या, "काही नोयतं झालं वो, वायर निघाली होती. पाहतच नाही कोनी." घरी काही उघडायचं असलं की त्या आधी थाळीत मळलेली कणीक थापतात आणि निघालेला प्रत्येक स्क्रू क्रमाने त्यात खोचतात. त्यामुळे त्यांच्याकडे पोळ्यांना उशीर झाला, की आज काहीतरी खोललेलं आहे हे ओळखावं.

सासरे गेल्यानंतर अंगणात त्यांची छोटी पांढरी गाडी तशीच उभी होती. सासूबाई साठाव्या वर्षी ती चालवायला शिकल्या आणि जामसांवली, बोरगाव, आमचं पांढुर्णा असा त्यांचा संचार सुरू झाला. मागच्या हिवाळ्यात बोरगावहून येताना बॅटरीचा लाल दिवा लागला आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होईना. मेकॅनिकने अल्टरनेटर गेल्याचं सांगितलं. इंजिन चालू असताना बॅटरी भरत ठेवणारं हे यंत्र, आमच्याकडे त्याला अजून सगळे डायनामोच म्हणतात. "जुनी गाडी आहे, काकू. विकून टाका," असा सल्लाही त्याने दिला. पुण्यातल्या मेव्हण्याला तेवढंच निमित्त पुरलं. गाडी गेली की आई एकटी सौंसरला कशाला राहील, असा त्याचा हिशेब. त्याने फोनवरच गिऱ्हाईक ठरवलं, शनिवारी दुपारी चार वाजताची वेळही दिली, आणि आईची समजूत काढायला बायकोने मला त्याच दिवशी पांढुर्ण्याहून सकाळच्या बसने धाडलं.

मी पोहोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि बॅटरीची वायर काढून ठेवलेली होती. नागपूरहून बसच्या ड्रायव्हरबरोबर मागवलेला नवा डायनामो पायरीवर वर्तमानपत्रात बसला होता. "बरं झालं आले, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या. "खालचा बोल्ट माझ्या हातात येऊन नाही राहिला. तुमाले खालून जा लागते." सासुरवाडीला जावयाला पाट मिळतो असं मी ऐकून होतो. मला पोतं मिळालं. मी म्हटलं, "आई, मी तुमच्याशी बोलायला आलोय." त्या म्हणाल्या, "खालून बोला न, आयकू येते." मात्र मला आत सरकू देण्याआधी त्यांनी जॅकशेजारी स्टेपनी आणि लाकडाचा ओंडका घातला. "जॅकचा भरोसा नाही. मले पोरीले तोंड दाखवाचं आहे."

वरचा बोल्ट त्यांनी सैल केला, डायनामो इंजिनकडे रेटला आणि आयुष्यभर शिवण मशीनचा पट्टा उतरवावा तसा बेल्ट अलगद उतरवला. खालचा बोल्ट मात्र गंजून बसला होता. माझा पाना दोनदा निसटला, बोटाची सालटं निघाली. वेळ मिळाला तशी मी समजूत काढायला सुरुवात केली. पुण्याची हवा, नातवंडं, दवाखाने. मग त्या म्हणाल्या, "पुन्याले जाईन मी. पन गाडी बंद पडली म्हनून नाही जानार." त्यांनी बोल्टवर रॉकेल सोडलं, मला चहा पाजला आणि न्हाणीघरामागून लोखंडी नळीचा तुकडा आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. "आता ओढा." मी ओढलं. बोल्ट एकदा करकरला आणि फिरला.

दोन वाजता जुना डायनामो बाहेर आला. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पुलीच्या खाचा मोजल्या, बोल्टची भोकं जुळवून पाहिली, तेव्हा कुठे नवा आत गेला. बेल्ट त्यांनी अंगठ्याने दाबून दाबून ताणला. आदल्या दिवशी चार्ज करून आणलेल्या बॅटरीवर गाडी लगेच सुरू झाली, पण बॅटरीला लावलेल्या मीटरवर बारा व्होल्टच, म्हणजे नवा डायनामो बॅटरी भरतच नव्हता. "चौदा पाहिजे," त्या म्हणाल्या. साडेतीन झाले होते. त्यांनी इंजिन बंद केलं, प्रत्येक वायर बोटांनी चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. डायनामोच्या मागचा प्लग मी अर्धाच बसवला होता. त्यांनी तो दाबला, टक् असा आवाज झाला. पुन्हा किल्ली फिरवली. मीटरवर चौदा आले आणि तिथेच राहिले. मी सासरच्या अंगणात नाचलो नाही एवढंच.

चारला गिऱ्हाईक आलं. त्याला इंजिनाचा आवाज फारच आवडला. "गाडी विकाची नाही," सासूबाईंनी सांगितलं. "पन तुमी बसनं आले न? सोडून देतो तुमाले." आणि काळ्या हातांनी स्टेअरिंग धरून त्यांनी त्या भल्या माणसाला बसस्टँडवर पोहोचवलं. मी मागच्या सीटवर विजयी मुद्रेने बसलो होतो.

परत आल्यावर अंगणात गाडी उभी राहिली, तरी त्यांनी इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या ऐकत बसल्या. "हे असते तं चिडले असते," त्या हळूच म्हणाल्या. "बायामानसाचं काम आहे काय, म्हनले असते. अन मंग आठ दिवस गावभर सांगत हिंडले असते." मी दार उघडायला लावलेला हात काढून घेतला. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून.