बाराची गाडी

पस्तीस वर्षांच्या नोकरीतल्या बहुतेक केसेस मला आठवाव्या लागतात. जुने कागद काढावे लागतात, सोबतच्या लोकांना फोन करून विचारावं लागतं. एक केस मात्र न बोलावता येते. एसटीच्या खिडकीतून कुणी लेकरू आत देताना दिसलं, की ती आलीच.

बुलडाणा जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठाण्यात मी तेव्हा फौजदार होतो. कुणाचं नाव घालत नाही, ठाण्याचंही नाही. बीटी कपाशी येऊन काही वर्षं झाली होती. आधी जो तो छातीठोकपणे सांगायचा, की आता अळीचं नाव नको. मग एका वर्षी पानं लाल पडली आणि झाडं जागच्या जागी बसली. लोक त्याला लाल्या म्हणत. कोरडवाहू गावांतली माणसं कामासाठी बाहेर पडू लागली. जिल्ह्याच्या दक्षिणेला, दुसरबीडकडच्या पट्ट्यात, कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट होते. तिथं बायांना दोन महिने काम मिळे. कळीतला नराचा भाग हातानं सोलून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फुलाचे पराग तिथं लावायचे. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणत. मी साताऱ्याकडचा. मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हे मी कुणासमोर कबूल करणारा नव्हतो.

गणपतीचे दिवस होते. निम्मं ठाणं बंदोबस्ताला. एकुलती एक महिला शिपाई, तीही मिरवणुकीच्या मार्गावर. सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात माझा एक खबऱ्या आला. हा स्टँडवर केळीची गाडी लावायचा. पाकीटमारांच्या बाबतीत त्याची खबर कधी खोटी निघाली नव्हती. तो म्हणाला, एका बाईनं आपलं तान्हं लेकरू दहाच्या दुसरबीड गाडीतल्या बाईला खिडकीतून देऊन टाकलं. गाडी गेली. आणि ही बाई स्टँडच्या बाकावर मोठ्या पोराला केळं चारत बसली आहे. रडणं नाही, ओरडणं नाही.

“आपल्या हातानं देलं साहेब,” तो म्हणाला. “म्या या डोयानं पाह्यलं.”

मी विचारलं, तान्हं मुलगा की मुलगी? तो म्हणाला, मुलगी. झालं. माझ्या डोक्यात सगळी केस तयार झाली. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, नकोशी होती, कुणाला तरी देऊन टाकली. त्या काळात असे एक-दोन प्रकार शेजारच्या जिल्ह्यांत उघड झाले होते. मासा आपणहून गळाला लागला असं मला वाटलं. दोन शिपाई पाठवून मी तिला उचलून आणलं. स्टेशन डायरीत वेळ टाकली, सव्वाअकरा.

बाई बावीस-तेवीसची असेल. उंद्रीच्या बाजूच्या एका खेड्यातली. कडेवर तीन वर्षांचा मुलगा, खांद्याला पिशवी, त्यातून लंगोटांची टोकं बाहेर आलेली. खुर्ची दिली तरी खाली फरशीवर बसली. ती पहिलंच वाक्य बोलली ते असं.

“बाराची गाडी हाय साहेब, मले जाऊ द्या. ते बाई तिकडं थांबून राह्यली असन.”

मी म्हणालो, कोण बाई? ती म्हणाली, माहीत नाही. नाव? माहीत नाही. गाव? माहीत नाही. बरं, आठ महिन्यांचं अंगावर पिणारं लेकरू तू नाव-गाव माहीत नसलेल्या बाईच्या हातात दिलंस? ती म्हणाली, हाव. जागा धरायला दिलं.

आता हे इथं समजावून सांगितलं पाहिजे. गर्दीच्या गाडीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, टोपी टाकतात, हे मलाही ठाऊक होतं. त्या भागातल्या, दोन-दोन लेकरं घेऊन फिरणाऱ्या बाया मात्र लेकरूच आत देत. एका हातात पोर, एका हातात पिशवी आणि दारात झोंबाझोंबी, यात तान्हं चेंगरतं. म्हणून ते आधी खिडकीतून बसलेल्या एखाद्या बाईच्या मांडीवर द्यायचं आणि मग वळसा घालून दारातून शिरायचं. हिनं तेच केलं होतं. दारापाशी मोठं पोर धक्क्यानं पडलं. त्याला उचलायला ती वाकली, तेवढ्यात कंडक्टरनं दार ओढून घंटी मारली. ती गाडीमागं धावली. मग कंट्रोलरला विचारून पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसली. हे सगळं तिनं मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. विश्वास ठेवला नव्हता, एवढंच.

मी विचारलं, इतक्या बायांतून तिलाच का दिलंस?

“तिचा आंगठा पाह्यला आन् देलं.”

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. शिपायांकडं बघून म्हणालो, ही आता आपल्याला हात बघून भविष्य सांगणार. तेही हसले. बाई पोराच्या तोंडाला लागलेलं केळं पुसू लागली.

बाराची गाडी गेली. दीडची गेली. दर वेळी ती उठून उभी राहायची आणि मी तिला खाली बसवायचो. तिचा नवरा कुठं आहे, सासूनं सांगितलं का, बापाला मुलगी नको होती का, तेच तेच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारत होतो. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्यांदा विचारल्यावर काहीतरी नवीन घालतो, असा माझा अनुभव. ही काहीच नवीन घालत नव्हती. याचाही अर्थ मी उलटाच लावला, की पढवून पाठवलेली आहे. माणसाच्या डोक्यात एकदा संशय शिरला, की समोरचा बोलला तरी गुन्हेगार आणि गप्प बसला तरी गुन्हेगार.

दुपारी तिच्या चोळीचा पुढचा भाग ओला झाला. तिनं पदर ओढून घेतला. मला दिसलं होतं. माझी बायको दोनदा बाळंत झालेली, त्याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. मी नजर फिरवली आणि पंख्याचा वेग वाढवायला सांगितला. साडेतीनच्या गाडीला ती उठली नाही. पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं.

पाचच्या सुमारास समन्स बजावून आमचे जुने हवालदार परत आले. तिथलेच, चिखलीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. मी त्यांना थट्टेनं अंगठ्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. बाईजवळ जाऊन उकिडवे बसले आणि विचारलं, नख वाढेल होतं काय, बाई? ती म्हणाली, हाव, काकाजी, आन् हिरवं होतं. मी बी तिकडच क्रॉसिंगले जाऊन राह्यली होती. आपल्या कामाची बाई दिसली म्हणून देलं.

हवालदारांनी मला बाजूला घेतलं. त्यांची स्वतःची बायको दर हंगामाला क्रॉसिंगला जायची. कळी सोलायला या बाया अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवतात, दोन महिने त्याचा हिरवा रंग जात नाही. आणि गाडी चुकली तर त्यांचा ठरलेला रिवाज आहे. घेणारी जिथं उतरते तिथंच थांबते, देणारी पुढच्या गाडीनं येते. कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

“हिले बाराच्या गाडीत बसवून द्या लागत होतं, साहेब,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. वयानं ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते.

लाज वाटायची सोडून मला तेव्हा काय वाटलं असेल? धागा मिळाला, असं वाटलं. पोलिसाचं डोकं असं चालतं. मी बाईला जाऊ दिल्याची नोंद केली, वेळ पाच चाळीस, आणि तडक स्टँड गाठला. दहाच्या गाडीचा कंडक्टर परत आला होता. त्याला आठवलं. दोन हातांत लेकरू धरलेली एक बाई दुसरबीडच्या अलीकडच्या फाट्यावर उतरली होती. वायरलेसवरून तिकडं कळवलं. तिथला शिपाई फाट्यावर पोचला, तेव्हा चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, की बाई दुपारपासून इथं बसून होती. प्रत्येक गाडीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. साडेतीनला सुटलेली शेवटची गाडी साडेपाचला आली, ती बघून ती प्लॉटकडं निघून गेली. कुठला प्लॉट, ते त्याला ठाऊक नव्हतं.

साडेतीननंतर तिकडं गाडी नव्हती आणि आमची जीप बंदोबस्तात अडकलेली. निघायला उजाडलं. आईला आणि पोराला रात्री महिला शिपायाच्या खोलीत ठेवलं होतं. सकाळी ती शिपाई मला एवढंच म्हणाली, की बाई रात्रभर मोरीत जाऊन दूध पिळून टाकत होती.

आईला ओळख पटवायला जीपमध्ये मागं बसवलं. अंगठ्याचं नख, एकटी बाई, सोबत तान्हं. एवढ्या वर्णनावर तिसऱ्या प्लॉटवर पत्ता लागला. झोपडीच्या दाराला सुतळी बांधलेली होती. शेजारची म्हणाली, लेकराला घेऊन अंधार असतानाच दुधाच्या गाडीनं गेली. “पळाली,” मी म्हणालो. माझ्या तोंडून निघालेला तो शब्द आईनं ऐकला. ती मागून म्हणाली, नाही साहेब, दवाखान्यात गेली असन. आतापर्यंत ती प्रत्येक वेळी बरोबर होती आणि मी प्रत्येक वेळी चूक, आणि तरी ती मला साहेब म्हणत होती.

जवळच्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर ती बाई बसलेली होती. चाळिशीची, काटकुळी, विधवा. मांडीवर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं लेकरू. गणवेश बघून तिनं आधी हे विचारलं.

“हिची माय आली का हो?”

लेकरू साडेसातला गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी संपलेलं. बाईनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिच्या अंगावर दूध नव्हतं, तिची पोरं मोठी. फाट्यावर भादव्याचं ऊन. लेकरू रडून रडून निळं पडायला लागलं, तेव्हा टपरीवाल्याकडून साखर घेतली आणि आपल्या डब्यातल्या पाण्यात कालवून बोटानं पाजली. रात्री पुन्हा तेच पाजलं. डबा मी जप्त केला. पांढरा, प्लास्टिकचा, फवारणीच्या औषधाचा. राखेनं घासून स्वच्छ केलेला. त्या वर्षांत प्रत्येक शेतात तसले डबे असत आणि सगळे त्यातूनच पाणी पीत. ती स्वतःही त्यातलंच पीत होती.

आई आली. तिनं लेकरू घेतलं आणि सवयीनं त्याच्यावर पदर ओढला. पदराखाली तिचा हात चोळीच्या गाठीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. बऱ्याच वेळानं ती त्या बाईशेजारी ओट्यावर बसली.

“तुले लई वाट पाहा लागली व बाई,” ती म्हणाली.

त्यावर ती दुसरी बाई रडली. तोवर तिच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणं झालं. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा. काही महिन्यांनी अहवालात फवारणीच्या औषधाचा अंश आला. हयगयीनं मृत्यू, असा गुन्हा त्या विधवा बाईवर नोंदवावा लागला. आईनं फिर्याद द्यायला साफ नकार दिला, म्हणून सरकारतर्फे फिर्यादी मीच झालो. तारखांना ती बाई प्लॉटचं काम बुडवून यायची. दोनदा मी कोर्टाच्या आवारात पाहिलं, लेकराची आई तिच्या शेजारी बसलेली होती, दोघी एकाच पिशवीतली भाकरी खात होत्या. शेवटी ती निर्दोष सुटली. मला कुणी काही विचारलं नाही. चौकशीसाठी बाईला ठाण्यात बसवून ठेवणं गुन्हा म्हणून कुठल्याच कलमात बसत नाही. उलट त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात ‘तपास तत्परतेने केला’ असा शेरा आहे.

नव्या मुलांना शिकवायला मला अकादमीत बोलावत, तेव्हा ही केस मी कधी सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही शिकायचं नाही, असं मी स्वतःला बजावत असे. शिकायचं होतं, आणि ते फार साधं होतं. समोरचा माणूस आपल्या जगात कसा वागला असता हे न बघता तो त्याच्या जगात कसा वागतो हे विचारायचं, आणि विचारून झालं की ऐकायचं. तिनं पहिल्याच वाक्यात मला सगळा तपास सांगितला होता. लेकरू कुठं आहे, कुणाजवळ आहे, कसं मिळेल. पण हे कळून आता काय उपयोग? ज्या दिवशी कळायला हवं होतं, त्या दिवशी मी हसत होतो. म्हातारपणी कळलेल्या गोष्टींनी कुणाचं लेकरू परत येत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना जीपमध्ये ती पुढं माझ्या शेजारी होती, मांडीवर ते गाठोडं. मोठं पोर मागं हवालदारांच्या मांडीवर. गाव जवळ आलं तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं.

“बाराच्या गाडीत मले जागा भेटली असती काय, साहेब?”

“सांगता येत नाही, बाई,” मी म्हणालो. “सणाची गर्दी होती.”

तिनं मान हलवली. तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते खोटं मी माझ्यासाठी बोललो होतो. आदल्या संध्याकाळी स्टँडच्या कंट्रोलरनं मला सांगितलं होतं, सगळी गर्दी दहाच्या गाडीलाच होती. बाराची निम्मी रिकामी गेली.